वहीतल्या मापाची खुर्ची

५ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार वि. वि. चांगला वाकून केला आहे, कमरेत उसण भरली तर जबाबदारी तुझी.

पत्र बघून चमकला असशील. फोनवर तू समोर हजार श्रोते असल्यासारखा बोलतोस आणि माझी पाळी येईपर्यंत माझा चहा निवून जातो. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. म्हणून हा खटाटोप.

गोष्ट बाबांची आहे. गेल्या महिन्यात न कळवता त्यांच्याकडे गेले. दुपारचा एक वाजला असेल. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर बाबा शेगडीपाशी उभे राहून भांड्यातूनच खात होते. ताट नाही, पाण्याचा पेलाही नाही. मला बघून असे ओशाळले, जणू चोरी पकडली. एकट्यासाठी कशाला पसारा मांडायचा, म्हणाले. टेबलाकडे नजर गेली तर त्यावर जुन्या वर्तमानपत्रांची चळत, आणि खुर्च्या उलट्या करून त्याच्यावर ठेवलेल्या. आई जाऊन चौदा महिने झाले. दादा, चौदा महिन्यांत हा माणूस जेवायला बसलेलाच नाही! अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. त्यात शेजारीण सांगते, तीन मजले चढून आले की अर्धा तास दाराशी धापा टाकत बसतात.

त्यामुळे मी ठरवलं आहे. त्यांनी माझ्याकडे यायचं आणि राहायचं. माझं घर तळमजल्यावर आहे, मागे माझा खुर्च्यांचा कारखाना. पुढची खोली त्यांच्यासाठी तयार केली. भिंतींना फिकट राखी रंग दिला, खिडकीला उघडमीट करता येणाऱ्या लाकडी झडपा लावल्या, उंच आरसा उजेडासमोर टांगला. लिननचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले पडदे लावले. जेवायचं छोटं गोल टेबल खिडकीपाशी, त्यावर पांढरं कापड. आणि मुख्य म्हणजे खुर्ची. फ्रेंच घाटाची, बाकदार पायांची, हात टेकायला गादी असलेली. तिचा जुना सांगाडा मला लिलावात मिळाला होता. आत स्प्रिंगा बांधून, वर घोड्याचे केस भरून तीन आठवडे खपले. बाबांना कळू न देता माप कसं घेतलं, विचार. दुकान बंद करताना त्यांनी मला त्यांची मापांची वही दिली होती ना, तिच्यात घरातल्या सगळ्यांची मापं आहेत त्यांच्याच अक्षरात. बाबांचंही आहे. कंबर अडतीस, छाती बेचाळीस. शिंप्याच्या मुलीला आणखी काय पाहिजे?

वीस तारखेला पंधरा दिवस राहून बघायला म्हणून येतायत. तू खोडा घालू नकोस. वहिनीला नमस्कार.

माया आहेच, ती वापरात ठेव, म्हणजे गंजत नाही.

तुझी
टाचणी

११ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

आशीर्वाद भरपूर, अक्कल तुझी तूच मिळव.

पत्र वाचलं. उभ्याने जेवण्याची हकिगत वाचून तुझी वहिनी डोळे पुसत उठून गेली. पण म्हणून तू जे औषध काढलंस ते बघून माझं डोकं तापलं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

पस्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला आणि सभागृहांतून घसा फोडून सांगत आलो की वस्तूंच्या दिखाव्याने माणूस मोठा होत नाही. आणि माझीच बहीण राजवाड्यातल्या खुर्च्या बनवून विकते! ज्या देशाच्या लोकांनी आपल्या राजाचं डोकं उडवलं, त्या देशाकडून शिकायचं ते काय, तर त्या राजाच्या खुर्चीचे पाय किती बाकदार होते? अगं, त्या खुर्च्या बसण्यासाठी नव्हत्याच मुळी. एक बसावा आणि शंभर उभे राहावेत, यासाठी त्या होत्या. तुझी गिऱ्हाइकं त्यांना सोनेरी मुलामा मारून घेतात, वर प्लॅस्टिकची खोळ घालतात आणि स्वतः स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चहा पितात. हेच का ते छान जगणं?

आपल्या बाबांनी जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले आणि स्वतः दोन सदऱ्यांवर काढलं. असा माणूस झडपा आणि आरसा बघून भुलेल, असं तुला वाटतं? आणि माणूस म्हणजे काय कपाट आहे, इथून उचललं, तिथे ठेवलं? त्यांना एका शब्दाने विचारलंस का? नाही. वहीला विचारलंस.

बरं, रागावू नकोस. वहिनीचं म्हणणं पडलं की मी इथे बसून क्रांत्या करतो आणि धाकटी तिथे जाऊन भिंती रंगवते, तेव्हा दोघांपैकी बाबांच्या उपयोगी कोण पडतं ते तिला माहीत आहे. या बाईपुढे आजवर माझं एकही भाषण टिकलेलं नाही. तेव्हा खोडा घालत नाही. घेऊन ये त्यांना. पंधरा दिवसांनी काय झालं ते खरं खरं कळव, झालर न लावता.

लोभ होता तितकाच आहे, वादावादीत एक कणही सांडलेला नाही.

तुझा
दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. आज वाकण्याची ताकद नाही, उभ्याउभ्याच घे.

आधी तुझ्या भाषणाला उत्तर, मग रडगाणं. राजाचं डोकं उडालं हे खरं, पण खुर्ची उरली ना? ती बनवणारा तर कामगारच होता. तिच्यात आता एक म्हातारा शिंपी बसला तर ती क्रांती पुढे गेली की मागे आली? तूच म्हणतोस, एक बसावा म्हणून शंभर उभे राहत. मग उभ्याने जेवणाऱ्याला बसवण्यासाठी मी धडपडते, त्यात चुकलं काय?

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते म्हातारे मास्तर सहा वर्षं फ्रान्समधल्या एका कारखान्यात होते. ते सोनेरी मुलाम्याचं नावही काढत नसत. सांगायचं ते एवढंच, की तिथल्या ज्या घरात ते भाड्याने राहत तिथे एकच खुर्ची तीन पिढ्या दुरुस्त करून वापरत होते, आणि दुपारचं जेवण असं जेवत, जणू मागे कुणी लागलेलं नाही. पांढरं कापड, एक भांडं सूप, पाव, ग्लासात एखादी फांदी. मी विकते ते हे, दादा. गिऱ्हाइकाने त्यावर प्लॅस्टिक घातलं तर मी काय त्याच्या घरी पहारा देऊ?

आता रडगाणं. बाबा आले आणि चौथ्या दिवशी परत गेले.

भांडण नाही, तंटा नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. प्रत्येक गोष्टीला छान आहे म्हणाले. झडपा छान, पडदे छान. राखी रंगाला हसले, म्हणाले की चाळीस वर्षं शाळेच्या पँटी कापल्या, त्यांचाच रंग आहे, आता झोपेतही गणवेश दिसतील. मला वाटलं, जिंकलं. मग खुर्ची दाखवली. बराच वेळ हात फिरवून बघत राहिले. बसले. मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. एक मिनिटभर बसून उठले आणि पुन्हा तिच्या वाटेला गेले नाहीत. दिवसभर पलंगाच्या कडेवर बसायचे, रेल्वेची वाट बघत बसल्यासारखे. आणि जेवण? खिडकीच्या कट्ट्याला टेकून, उभ्याने. माझ्याच घरात, माझ्या पांढऱ्या कापडासमोर!

चौथ्या दिवशी सकाळी पिशवी भरून तयार. म्हणाले की घर फार सुंदर आहे, पण आपलं इथे जमायचं नाही. त्यांना सोडून आले तेव्हा पायऱ्या चढताना चार ठिकाणी थांबले. मी मागे होते. सदऱ्यातून पाठीची हाडं मोजता येत होती. दादा, असंच चाललं तर हे वर्ष ते काढणार नाहीत. हे लिहायचं नव्हतं, पण खरं खरं कळव असं तूच म्हणाला होतास.

एक दातांची डॉक्टरीणबाई कधीपासून त्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. देऊन टाकते तिला. डोळ्यांसमोर नको.

तू जाऊन ये त्यांच्याकडे. माझ्याशी ते बोलत नाहीत, तुझ्याशी तरी बोलतात का बघ. निदान तुला बोलायला तरी मिळेल.

रागावून लिहिलं आहे, तरी खालचं नाव तुझ्याच बहिणीचं आहे.

टाचणी

८ मार्च

चि. टाचणीस,

आशीर्वाद. आणि खुर्ची देऊ नकोस. ती जागची हलवू नकोस, हात लावू नकोस, पत्र पुरतं वाच.

काल बाबांकडे जाऊन आलो. जाताना वाटेत सगळं भाषण मनाशी जुळवलं होतं. वार्धक्य, स्वाभिमान, मुलांचं कर्तव्य, सगळं. बासष्ट पायऱ्या चढून गेलो आणि धाप लागलेल्या अवस्थेत सुरू झालो. तासभर बोललो. लोक उठून उभे राहिले असते अशी दोनतीन वाक्यं त्यात होती. बाबा माझ्या कोटाची कॉलर उलटी करून तिची उसवलेली शिवण घालत होते. मी थांबल्यावर त्यांनी दोरा दाताने तोडला, कोट माझ्या हातात दिला आणि विचारलं की झालं का, चहा टाकू?

चहा पिताना मी गप्प बसलो. मुद्दाम नव्हे, वाक्यं संपली होती म्हणून. आणि मग ते बोलले. पन्नास वर्षांत ही युक्ती मला कधी सुचली नव्हती.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो. त्या खुर्चीवर बसलं की त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पाठ मागे टेकवावी तर पाय लोंबकळतात, पाय टेकवावेत तर पुढे कडेला बसावं लागतं. आरशात ते दिसलं. म्हणाले, फळीवर ठेवलेल्या बाहुल्यासारखं वाटलं. मग म्हणाले की खुर्ची उत्तम आहे, पण ती माझ्यासाठी नाही, वहीतल्या माणसासाठी आहे. ते माप बावीस वर्षांपूर्वीचं. तो माणूस आता राहिलेला नाही, आणि धाकटीला हे कोण सांगणार?

मी विचारलं, तिला तिथल्या तिथे का नाही सांगितलंत? तर म्हणाले की शिवलेला कपडा गिऱ्हाइकाने परत आणला की शिंप्याच्या पोटात काय होतं ते मला माहीत आहे, मी माझ्या लेकीला ते कसं करू?

टाचणे, मी तुला पत्रात टोमणा मारला होता की बाबांना विचारण्याऐवजी वहीला विचारलंस. तो टोमणा आज माझ्यावरच उलटला आहे. मी तरी काय केलं? चाळीस वर्षांपूर्वी ज्या बाबांशी वाद घालत होतो त्यांच्याचसाठी भाषण रचून नेलं. समोर बसलेल्या या बारीक झालेल्या माणसाकडे पाहिलंच नाही. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरणारा मी, बापाच्या घरी गेलो तो दाराशीच डोळे मिटून घेतले!

आता ऐक. करवत घेऊन खुर्चीचे पाय कापायला बसशील, मला तू माहीत आहेस. तसं करू नकोस. त्यांना न विचारता पुन्हा काही करायचं नाही, चांगलंसुद्धा नाही.

वहिनी म्हणते की या पत्राच्या शेवटी उपदेश नको, म्हणून थांबतो. जीव लावणारा, पण उशिरा कळणारा

तुझा
दादा

२१ मार्च

ती. दादास,

नमस्कार, आज अगदी जमिनीला डोकं टेकवून.

तुझं पत्र कारखान्यात वाचलं आणि खुर्चीसमोर जमिनीवरच बसून राहिले. खुर्चीचे पाय लांब झाले, असं नाही रे दादा. चूक त्याहून वाईट आहे. आमच्या कामात स्प्रिंगा बांधताना बसणाऱ्याचं वजन धरावं लागतं. जड माणसासाठी दोरी आवळून बांधायची, हलक्यासाठी सैल. मी त्या वहीतल्या अडतीस कंबरेच्या गड्यासाठी आवळून बांधल्या होत्या. तो बसला असता तर बैठक चार बोटं खाली गेली असती आणि पाय बरोबर टेकले असते. आताचे बाबा बसले तर ती दबलीच नाही. त्यांचं किती वजन गेलं हे त्या खुर्चीने त्यांना तोंडावर सांगितलं. आणि मी शेजारी टाळ्या वाजवायला उभी!

दुसऱ्या दिवशी गेले त्यांच्याकडे. गळ्यात टेप घातली होती. सरळ सांगून टाकलं की माझा कपडा बिघडला आहे, माप पुन्हा घेऊ द्याल का? माझ्याकडे असे बघत राहिले, दादा, की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. मग विचारलं की ट्रायल घेतली होतीस का? मी नाही म्हटलं. तेव्हा मात्र भडकले. शिंप्याच्या घरात वाढलीस, आणि ट्रायल न घेता माल दिलास? कच्च्या टाक्यांवर एकदा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवल्याशिवाय मी कधी साधा सदरा तरी दिला का? हे शिकवलं मी तुला? मी मान खाली घालून ऐकत होते आणि आतून इतका आनंद होत होता! पंधरा महिन्यांत पहिल्यांदा कुणावर तरी ओरडले.

मग हात वर करून ताठ उभे राहिले. कंबर एकतीस भरली. आकडा मी मोठ्याने म्हटला नाही. तेच म्हणाले, लिही, एकतीस, लाजायचं काय त्यात.

खुर्ची पुरी होईपर्यंत येतो, एवढ्याच बोलीवर ते माझ्याकडे आले. ट्रायल घ्यायला अंग पाहिजे ना समोर! मी वरची गादी उपसून काढली, सगळ्या दोऱ्या सोडल्या. नुसत्या स्प्रिंगांवर गोणपाट टाकून त्यांना बसवायचं, उठवायचं, दोरी सैल करायची, पुन्हा बसवायचं. एकदा एक स्प्रिंग अशी उडाली की दोघं मिळून दहा मिनिटं हसत होतो. आठव्या ट्रायलला दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. पायांना करवत लागली नाही. वरच्या कापडाची किनार बाबांनीच शिवली. माझा टाका त्यांच्या मते पोत्याला ठीक आहे, माणसाच्या बैठकीला नाही.

त्या दिवसांत रोज दुपारी मी टेबल मांडलं, समोर बसले आणि तासभर उठले नाही. तेही बसले. एकदा सूप ढवळता ढवळता आपणहून म्हणाले की उभ्याने जेवायची सवय आळसाने लागली नव्हती. बसलं की समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघावं लागतं. त्यांनी दुसरी वाटी मागून घेतली.

आता काळजी एकच. सोमवारपासून मला गिऱ्हाइकाच्या घरी काम आहे, दुपारची येऊ शकणार नाही. खुर्ची पुरी झाली, म्हणजे त्यांची बोलीही संपली. अजून जातो म्हणालेले नाहीत, राहतो असंही म्हणालेले नाहीत. पिशवी पलंगाखाली आहे, रिकामी की भरलेली ते बघण्याची माझी छाती होत नाही.

उत्तर धाड, लहान असलं तरी चालेल, गोड असावं.

टाचणी

९ एप्रिल

चि. थोरल्यास,

आशीर्वाद. मी खुशाल आहे. तू खुशाल असशीलच, आवाजावरून कळतंच.

धाकटीने तुला काय काय लिहिलं मला ठाऊक नाही, पण तिला तिखटमीठ लावायची सवय आहे म्हणून मीच लिहितो. खुर्ची झाली. चांगली झाली. किनार मी शिवली आहे.

ती कामावर जायला लागल्यावर पहिले दोन दिवस मी आपला खिडकीशी उभा राहूनच खाल्लं. सांगणार नव्हतो, पण खोटं कशाला लिहू. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या कठड्याला रंग द्यायला एक रंगारी आला होता. माझ्याहून धाकटा, पण साठी उलटलेला. दुपारी बघतो तर पायरीवर डबा उघडून बसला होता, मांडीवर झाकण आणि झाकणावर पाव. माणूस दिवसभर दुसऱ्यांची घरं रंगवतो आणि जेवतो पायरीवर. मला काही ते बघवेना. आत टेबल आहे, चला, म्हटलं. पांढरं कापड बघून तो दारातच अडला, पँटीवर रंगाचे डाग होते त्याच्या. मी म्हटलं, कापड धुता येतं, मी शिंपी आहे, मला कापडाचं सांगू नका. तेव्हा बसला.

बोलका माणूस आहे. भिंतीच्या राखी रंगाला त्याने नावं ठेवली, पहिला हात घाईत मारला आहे म्हणाला. धाकटीला सांगितलं तर तिचं नाक लाल झालं, कारण तो हात तिचाच. आठवडाभर तो रोज येत होता. त्याच्या डब्यातलं मी खाल्लं, माझ्यातलं त्याने. आता त्याचं काम संपलं, तो दुसऱ्या इमारतीत गेला. म्हणून मी त्याला येत्या गुरुवारी बायकोला घेऊन जेवायला बोलावलं आहे.

हे धाकटीला सांगायचं राहिलं. तिला ते रंगाऱ्याकडून रस्त्यात कळलं, तेव्हा तणतणत आली. म्हणाली की पाहुणे बोलावता आणि मला विचारत नाही? मी म्हटलं, माझ्या घरी जेवायला कुणाला बोलवायचं ते मी तुला विचारू?

बोलून गेलो खरा. ती कपाटाकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली की ताटल्या किती लागतील. मी पाच म्हटलं, मग सात म्हटलं, कारण तू आणि सूनबाई येणार. ते पायऱ्यांचं घर मालकाला परवाच परत दिलं, किल्ली पाठवून. त्यावर तुला काही बोलायचं असेल तर जेवण झाल्यावर बोल, रंगारी मोकळा असेल तर तोही ऐकेल. पाचवी आसामी कोण म्हणशील, तर दातांची डॉक्टरीण आहे, धाकटीची ओळखीची. खुर्ची बघायला येते म्हणते. बघू दे. बसायचं मात्र तिने स्टुलावर.

गुरुवारी साडेबाराच्या आत ये. वाट बघत बसणार नाही, मला हल्ली बारा वाजले की भूक लागते.

बाबा